वाहत्या फ्लश टाकीची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी

8 फेब्रुवारी 2025, शनिवार

गच्चीवरची 1000 लिटरची टाकी एकदा भरली की चार माणसांच्या आमच्या घरात ती दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पुरते, हा लातूरच्या या घरातील आजवरचा अनुभव आहे. आमच्या भागात नळ ठरावीक दिवसांनीच येतो; ते पाणी अंगणातल्या हौदात साठवायचे, कमी पडले तर त्यात बोअरचे पाणी सोडायचे आणि मोटारीने गच्चीवर चढवायचे, असा परिपाठ असल्यामुळे टाकी किती वेळ पुरली याकडे घरात सगळ्यांचेच लक्ष असते. अलीकडे ती दुसऱ्या दिवशी दुपारीच कोरडी पडू लागली आहे. पाहुणे आलेले नाहीत, कपडे धुण्याचे वेळापत्रक बदललेले नाही, बाहेरच्या भिंतींवर कुठे ओल नाही आणि स्वयंपाकघरातला नळही गळत नाही.

खालच्या मजल्यावरचा संडास सासूबाई वापरतात. रात्री कोणी आत गेलेले नसतानाही फ्लशच्या टाकीत मधूनच पाणी भरल्याचा आवाज येतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो, असे त्यांनी सांगितले. या माहितीचा पुढे फार उपयोग झाला. सतत वाहणारी टाकी आणि थांबून थांबून भरणारी टाकी ही दोन वेगळी दुखणी असतात, आणि त्यांतले कोणते आपल्याकडे आहे हे सुटे भाग आणण्याआधी ठरवायला हवे.

पहिली तपासणी अगदी साधी केली. कमोडच्या आतली मागची भिंत कापडाने कोरडी करून तिच्यावर वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा चिकटवला. काही मिनिटांतच तो मधोमध उभ्या पट्ट्यात भिजला. डोळ्यांना धार दिसत नव्हती, कारण पाणी चिनीमातीला चिकटून पातळ पडद्यासारखे उतरत होते. टाकीतून कमोडमध्ये पाणी जात आहे, एवढे निश्चित झाले. ते कोणत्या वाटेने जाते, हे उद्या पाहायचे.

9 फेब्रुवारी, रविवार

आमची टाकी चिनीमातीची असून कमोडच्या पाठीवरच बसवलेली आहे. तिच्या झाकणावर अर्ध्या आणि पूर्ण फ्लशची दोन बटणे आहेत. आत दोनच यंत्रणा आहेत. डावीकडे पाणी भरणारा बॉलकॉक, जो नावापुरताच बॉलकॉक आहे, कारण त्यात गोळा नसून उभ्या दांडीवर सरकणारा प्लास्टिकचा फ्लोट आहे. आणि मध्यभागी पाणी सोडणारा उभा संच, ज्याला इथले सर्व मिस्त्री ‘सायफन’ म्हणतात, जरी त्यात सायफनचे तत्त्व कुठेच नसते. या संचाच्या मध्यातून वर तोंड उघडी असलेली एक नळी जाते. टाकी गरजेपेक्षा जास्त भरली तर पाणी जमिनीवर न सांडता या ओव्हरफ्लो नळीतून कमोडमध्ये उतरावे, अशी ती योजना आहे.

म्हणजे पाणी कमोडमध्ये जाण्याच्या वाटा दोनच आहेत. एक तर संचाच्या तळाशी असलेली रबरी रिंग नीट बसत नसेल, किंवा बॉलकॉक वेळेवर बंद होत नसल्याने पातळी वाढून पाणी ओव्हरफ्लो नळीत शिरत असेल. पहिल्या प्रकारात पातळी खाली जाते, दुसऱ्या प्रकारात ती नळीच्या तोंडापर्यंत चढून तिथेच थांबते. पेन्सिलीची एक रेघ एवढा निवाडा करू शकते. मात्र त्यासाठी आधी भिंतीतला अँगल कॉक, म्हणजे टाकीला येणारे पाणी बंद करणारा नळ, पूर्ण बंद होतो याची खात्री हवी, नाहीतर खालून गळणारे आणि वरून भरणारे पाणी एकमेकांचा हिशेब बिघडवते.

म्हणून कॉक बंद करून फ्लश ओढला, टाकी रिकामी केली आणि बॉलकॉकच्या तोंडाखाली कोरडा कागद धरला. कागदावर थेंब पडत होते. अनेक वर्षे न फिरवलेल्या कॉकच्या वायसरखाली क्षार साठतात. जोर लावून आवळण्याऐवजी कॉक हलक्या हाताने पुन्हापुन्हा उघडला आणि मिटला. सुरुवातीला आलेल्या मातकट पाण्यानंतर थेंब थांबले. जोर लावला असता तर भिंतीतला जोड फिरण्याचा धोका होता, आणि तो फिरला की काम फरशी फोडण्यावर जाते.

टाकी पुन्हा भरू दिली, कॉक बंद केला आणि आतल्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. ही रेघ ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली 25 मिलिमीटरवर आली. चिनीमातीच्या टाकीच्या भिंती वक्र असल्याने लांबी-रुंदी मोजून आकारमान काढणे भरवशाचे नाही. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या मापाने एक लिटर पाणी झटकन ओतून पातळी किती चढते ते पाहिले. ती 18 मिलिमीटर चढली. म्हणजे या टाकीत 18 मिलिमीटर म्हणजे एक लिटर, हे आमचे माप ठरले. वाढीव पाणी मगाने उपसून पातळी पुन्हा रेघेवर आणली आणि जिलेबीत घालतात तो खाण्याचा केशरी रंग चिमूटभर टाकला.

थोड्याच वेळात कमोडमधले पाणी केशरी होऊ लागले. एका तासाने पातळी 34 मिलिमीटर खाली गेलेली होती, म्हणजे ताशी सुमारे 1.9 लिटर आणि दिवसाला सुमारे 45 लिटर. निदान स्पष्ट आहे : तळाची रिंग गळते. पातळी थोडी उतरली की फ्लोट खाली येतो, बॉलकॉक उघडतो, टाकी भरते आणि पुन्हा मिटतो. सासूबाईंना ऐकू येणारा आवाज तो हाच.

दिवसाला 45 लिटर हा आकडा ऐकायला लहान वाटतो. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी देशात माणशी रोज 135 लिटर पाणी धरून योजना आखल्या जातात, म्हणजे न दिसणारी ही गळती एका माणसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा होती. सासूबाईंनी दुसरा हिशेब मांडला. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. “मग अशी किती घरं गळली म्हणजे एक गाडी संपेल गं?” असे त्यांनी विचारले. भागाकार केला तर उत्तर सुमारे 11 हजार येते. अकरा हजार घरांतला एकेक कमोड असाच गळत असेल तर ती अख्खी गाडी एका दिवसात गटारात जाईल, आणि कुणालाही धार दिसणार नाही.

तोवर काय करायचे, तर अँगल कॉक बंद ठेवायचा आणि बादलीने पाणी टाकायचे. सासूबाईंना बादली उचलणे कठीण असल्याने त्यांच्यासाठी लहान डबा भरून ठेवला.

12 फेब्रुवारी, बुधवार

ओळखीचे मिस्त्री दुसऱ्या कामासाठी गल्लीत आले होते, त्यांना टाकी दाखवली. त्यांनी झाकण उचलून आत पाहिले आणि म्हणाले, “ताई, आतला सगळा संच बदलून टाका, रिंगेच्या मागं कशाला लागता? मी रिंग बदलून गेलो आन् परत गळाली, तर बोल मलाच लागणार.” त्यांच्या बाजूने हे बरोबरच आहे. त्यांना एका फेरीत काम संपवायचे असते, जुन्या प्लास्टिकच्या आयुष्याची हमी ते कशी देणार? माझी बाजू वेगळी आहे. माझ्याकडे वेळ आहे, आणि मिलिमीटरमध्ये मोजलेली गळती आहे, त्यामुळे केलेल्या कामाचा परिणाम मला त्याच दिवशी कळू शकतो. रिंगेपासून सुरुवात करायची आणि गरज पडली तरच संच बदलायचा, असे ठरवले.

‘सायफन’ या नावावरून मिस्त्रींशी बराच वेळ बोलणे झाले. त्यांनी उमेदवारी केली ती उंचावरच्या, साखळी ओढायच्या बिडाच्या टाक्यांवर. त्या टाक्यांत खरोखरीचा सायफन असे : साखळी ओढून सोडली की घंटेच्या आकाराचा जड भाग खाली पडून पाणी मधल्या नळीवरून उसळवी आणि एकदा ओघ सुरू झाला की टाकी आपोआप रिकामी होई. तिथे पाण्याची वाट तळाला नसून पातळीच्या वर असे, त्यामुळे झिजलेल्या वायसरमधून पाणी गुपचूप झिरपण्याचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनमध्ये तर याच कारणासाठी कमोडच्या टाकीला सायफन सक्तीचा होता. 1999 च्या नियमांनी ती सक्ती उठली आणि 2001 पासून तळाला झडप असलेल्या टाक्यांना तिथे परवानगी मिळाली. दोन बटणांच्या टाकीने एका फ्लशमागचे पाणी दहा-बारा लिटरवरून तीन आणि सहा लिटरवर आणले, ही मोठीच बचत आहे. पण त्या बदल्यात सगळा भार तळाच्या एका पातळ रिंगेवर आला. ही रिंग अधूनमधून पाहण्याची सवय मात्र आपल्याला कुणी लावली नाही.

15 फेब्रुवारी, शनिवार

आज संच उघडला. कॉक बंद केला, फ्लश ओढला, तळाचे उरलेले पाणी स्पंजने टिपले. झाकण सरळ वर उचलून जमिनीवर पसरलेल्या गोणपाटावर ठेवले. चिनीमातीचे झाकण भिंतीला टेकवून ठेवू नये, ते घसरले की नवे झाकण सुटे मिळत नाही.

उभा संच तळाच्या बैठकीत खाचांनी अडकवलेला असतो. त्याची मान दोन्ही हातांनी धरून डावीकडे पाव वळण दिले की तो सुटून वर येतो, पाना लागत नाही. आमचा संच क्षारांनी जाम झालेला असल्याने तो फिरेना. लिंबाच्या सत्त्वाचे दोन चमचे लिटरभर कोमट पाण्यात विरघळवून ते बैठकीभोवती ओतले आणि अर्धा तास तसेच राहू दिले. त्यानंतर संच सहज सुटला. इथे संडास साफ करायचे तीव्र अॅसिड वापरण्याचा मोह होतो, पण त्याने रबर आणि बोल्ट दोन्ही खराब होतात. शिवाय घरात जंतुनाशक म्हणून ब्लीचिंग पावडर वापरली जात असेल आणि तिचा अॅसिडशी संबंध आला, तर क्लोरिन वायू निघतो. खिडकी लहान असलेल्या संडासात हा गंभीर धोका आहे.

बाहेर काढलेल्या संचाच्या तळाशी पारदर्शक सिलिकॉनची चपटी रिंग होती. ती उजेडात धरल्यावर दोष दिसला. बैठकीची कड जिथे टेकते तिथे रिंगेवर खोल गोल वण उमटलेला होता आणि त्या वणाच्या एका भागात नखाला जाणवेल असा पांढरा खडा रुतून बसला होता. बैठकीच्या कडेवरही पिवळसर पांढरा थर होता, सगळीकडे सारखा नव्हे, मागच्या बाजूला जाड. बोअरच्या पाण्यातले क्षार हे असेच बसतात : एकदा तिथून पाणी झिरपू लागले की त्याच जागी आणखी क्षार साचतो आणि फट रुंदावत जाते. म्हणून अशी गळती आपोआप बरी होत नाही.

थर काढण्यासाठी लिंबाच्या सत्त्वात भिजवलेले कापड कडेवर गुंडाळून ठेवले आणि नंतर भांडी घासायच्या मऊ घासणीने गोलाकार घासले. पॉलिश पेपर जवळच होता, पण प्लास्टिकच्या कडेवर त्याने ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा ही पाण्याची नवी वाट ठरते. कड साफ झाल्याची खूण डोळ्यांपेक्षा बोटाला चांगली कळते. डोळे मिटून तर्जनी पूर्ण गोल फिरवली आणि कुठेही अडखळली नाही, तेव्हा थांबले.

चपट्या रिंगेचा एक फायदा असा की ती उलटी बसवता येते. वण नसलेली बाजू खाली करून ती बसवली, संच उजवीकडे फिरवून अडकवला आणि टाकी भरून कॉक बंद केला. एका तासात पातळी 34 ऐवजी 4 मिलिमीटर उतरली. उलटवलेली रिंग हा नवी मिळेपर्यंतचा उपाय आहे, तरी तेवढ्यानेच गळती नऊ हिश्शांतला एक हिस्सा उरली.

18 फेब्रुवारी, मंगळवार

जुनी रिंग सोबत घेऊन गंजगोलाईला गेले. सोळा रस्ते येऊन मिळणाऱ्या त्या गोलाकार बाजारपेठेभोवती नळकामाच्या सामानाची दुकाने आहेत, पण बहुतेकांकडे पूर्ण संचच मिळतात. “रिंग सुटी कोण मागत नाही मॅडम,” असे एका दुकानदाराने सांगितले. पुढच्या दुकानात एका डब्यात निरनिराळ्या मापांच्या रिंगा एकत्र टाकलेल्या होत्या. बाहेरचा व्यास जुळतो पण आतला जुळत नाही, अशा रिंगाच जास्त असतात. आणि जाडीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही संचाला पूर्ण खाली बसू देत नाही. जुन्या रिंगेवर ठेवून तिन्ही मापे जुळणारी निवडली. ती 40 रुपयांना मिळाली, संपूर्ण संचाची किंमत 650 रुपये सांगितली होती. आणखी एक रिंग जपून ठेवण्यासाठी घेतली.

संध्याकाळी ती बसवली. रिंगेला तेल किंवा ग्रीस लावलेले नाही. खनिज तेलाने रबर फुगते आणि ग्रीसला कचरा चिकटतो. रात्री कॉक बंद करून रेघेवर पातळी ठेवली आहे, सकाळी पाहायचे.

20 फेब्रुवारी, गुरुवार

काल सकाळी पातळी बरोबर रेघेवर होती, रात्रभरात किंचितही हललेली नव्हती. रिंगेचे काम झाले असे मानून कॉक उघडला आणि टाकी नेहमीप्रमाणे वापरात आणली. आज सकाळी सवयीने कागदाचा तुकडा लावून पाहिला, तर तो भिजला. झाकण उचलल्यावर कारण दिसले : पातळी रेघेच्या 25 मिलिमीटर वर, म्हणजे थेट ओव्हरफ्लोच्या तोंडाशी होती आणि काठावरून पाण्याचा पातळ पापुद्रा आत उतरत होता. हे दुसरे दुखणे आहे आणि ते बॉलकॉकचे आहे.

मग ते आधी का दिसले नाही? तळाची रिंग ताशी 1.9 लिटर पाणी सोडत होती. बॉलकॉक मिटल्यानंतरही थोडे झिरपत असणार, पण ते पाणी तळाच्या वाटेने निघून जात असल्याने पातळी कधी ओव्हरफ्लोपर्यंत चढतच नव्हती. मोठ्या गळतीने लहान गळती झाकून ठेवली होती. तळाची वाट बंद होताच ते पाणी साचले आणि वरून वाट काढू लागले. बंद कॉकने घेतलेल्या कोणत्याही मोजमापात हा दोष सापडणे शक्य नव्हते, कारण कॉक बंद केला की बॉलकॉकपर्यंत पाणीच पोहोचत नाही. थोडक्यात, टाकीची तपासणी दोनदा करावी लागते : एकदा कॉक बंद ठेवून आणि एकदा उघडा ठेवून.

हे झिरपणेही मोजले. टाकी भरून बॉलकॉक मिटल्यावर कॉक उघडाच ठेवला आणि अर्धा तास थांबले. पातळी 8 मिलिमीटर चढली, म्हणजे ताशी सुमारे 0.9 लिटर आणि दिवसाला सुमारे 21 लिटर. हे 21 लिटर आधीच्या 45 मध्ये मिळवायचे नाहीत, कारण टाकीतून बाहेर पडणारे पाणी तेव्हाही 45 लिटरच होते. त्यातले थोडे झिरपून येत होते आणि बाकीचे बॉलकॉक उघडून येत होते, एवढाच फरक. पण केवळ रिंग बदलून थांबले असते, तर जवळजवळ निम्मी गळती तशीच चालू राहिली असती. संच बदलला असता तरी हेच झाले असते.

22 फेब्रुवारी, शनिवार

बॉलकॉक उघडला. यासाठी तो टाकीतून काढावा लागत नाही. वरची टोपी दाबून फिरवली की सुटते. टोपीखाली रबराचा पातळ पडदा असतो आणि सगळी करामत त्या पडद्यात आहे.

पडद्याच्या एका बाजूला येणारे पाणी असते. पडद्याला सुईच्या टोकाएवढे एक भोक असते, त्यातून थोडे पाणी पडद्यामागच्या छोट्या कप्प्यात शिरते. कप्प्याला बाहेर जाण्यासाठी दुसरे बारीक छिद्र असते आणि फ्लोट वर आला की एक इवलासा रबरी ठोकळा त्या छिद्रावर बसतो. मग कप्प्यातल्या पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही, मागचा दाब समोरच्या दाबाएवढा होतो, आणि मागून तो जास्त क्षेत्रफळावर काम करत असल्याने पडदा पुढे ढकलला जाऊन पाणी बंद होते. म्हणजे झडप मिटवण्याचे काम फ्लोटची ताकद करत नाही, पाण्याचा स्वतःचा दाब करतो. म्हणूनच हा फ्लोट इतका लहान असूनही चालतो. यातूनच त्याचे दोन कच्चे दुवे निघतात : पडद्याचे भोक बुजले किंवा ठोकळा नीट बसला नाही, तर मागे पुरेसा दाब तयार होत नाही आणि झडप अर्धवट मिटते.

आमच्या बॉलकॉकमध्ये दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या होत्या. भोकाशी बारीक रेतीचा कण अडकलेला होता आणि रबरी ठोकळ्यावर छिद्राच्या आकाराचा वण पडला होता. शिवाय पाणी आत येते तिथल्या जाळीवर तांबूस गाळाचा लेप होता.

दाबाचाही भाग आहे. पाण्याच्या दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो. आमच्या गच्चीवरच्या टाकीतली पातळी खालच्या संडासापेक्षा सुमारे सात मीटर उंच आहे, म्हणजे इथे 0.7 बारच दाब येतो. अनेक मजल्यांच्या इमारतीत खालच्या घरांना याच्या कितीतरी पट दाब मिळतो आणि तिथे असा पडदा झटकन मिटतो. आमच्यासारख्या दुमजली घरात मुळात दाब बेताचा, त्यात भोकाशी रेती, मग मिटणे सैल पडणारच. जुना, दांडी आणि गोळा असलेला बॉलकॉक दाबावर अवलंबून नसतो. तो गोळ्याच्या तरफेने वायसर दाबतो, त्यातला वायसर कुठल्याही दुकानात मिळतो, आणि गाळाच्या पाण्यात तो जास्त काळ तग धरतो. नवा घ्यायचाच झाला तर मी तोच घेईन, फक्त टाकीत गोळा मोकळा हलेल एवढी जागा आहे का हे आधी मोजून.

तूर्त पडदा वाहत्या पाण्याखाली धुतला. भोकात सुई किंवा टाचणी घातली नाही. भोक मोठे झाले तर कप्पा भलत्याच वेगाने भरतो आणि यंत्रणेचा मेळ बिघडतो. झाडूच्या हिराची मऊ, भिजवलेली काडी पुरली. ठोकळा काढून उलटा बसवला. जाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ केली. टोपी लावण्यापूर्वी, बॉलकॉकच्या उघड्या तोंडावर मग उपडा धरून, अँगल कॉक क्षणभर उघडला, जेणेकरून नळीत राहिलेली रेती बाहेर यावी. मगात आलेले पाणी स्थिरावल्यावर तळाशी चिमूटभर गाळ दिसला.

सर्व जोडून टाकी भरली. अर्ध्या तासात पातळी वाढली नाही. संध्याकाळी पुन्हा पाहिली, तरीही वाढ नाही.

23 फेब्रुवारी, रविवार

बॉलकॉक साफ झाला, पण रेती आली कुठून हा प्रश्न राहतो. उत्तर गच्चीवर होते. टाकीची बाहेर जाणारी नळी तळापासून काही सेंटिमीटर उंचावर बसवलेली असते, ती मुद्दाम. हौदातून येणारा गाळ तळाशी बसावा आणि नळीत जाऊ नये म्हणून. टाकी अर्ध्यावर आली की मोटार लावली, तर तो गाळ हलत नाही. गेले काही आठवडे मात्र टाकी पार तळापर्यंत रिकामी होत होती, आणि मग कोरड्या टाकीत मोटारीचे पाणी जोराने पडून गाळ ढवळला जात होता. फ्लशच्या तळाच्या रिंगेने गच्चीवरची टाकी लवकर रिकामी केली, रिकाम्या टाकीने गाळ खाली पाठवला आणि गाळाने बॉलकॉक बिघडवला, अशी ही साखळी असावी असे मला वाटते. जाळीवरच्या गाळाचा रंग आणि टाकीच्या तळाच्या गाळाचा रंग एकच होता.

टाकी उपसून धुतली. त्याच वेळी वरचे पाणी बंद असल्याचा फायदा घेऊन मिस्त्रींकडून अँगल कॉक बदलून घेतला. हे काम मी केले नाही, कारण भिंतीतल्या जुन्या लोखंडी जोडाचे आटे किती शिल्लक आहेत हे हाताच्या अंदाजाने ओळखणारा माणूस तिथे हवा. त्यांनी नव्या कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळून तो बसवला आणि तळाचा संच अजून जुनाच आहे हे पाहून हसले. गच्चीवरच्या नळीला गाळणी बसवावी का, असे त्यांना विचारले. ती बसवता येते, पण ती तुंबली की 0.7 बारातलाही काही दाब जातो आणि वरच्या मजल्यावर धार आणखी बारीक होते. गाळणीपेक्षा टाकी वर्षातून दोनदा धुणे आणि ती तळापर्यंत रिकामी होऊ न देणे बरे, असे आमचे दोघांचे मत पडले.

25 फेब्रुवारी, मंगळवार

उद्या महाशिवरात्र असून सिद्धेश्वराची यात्रा सुरू होते. घरी पाहुणे येतील आणि खालचा संडास दिवसभर वापरात राहील, म्हणून आज शेवटची तपासणी केली. कॉक बंद ठेवून एक तास, पातळीत फरक नाही. कॉक उघडा ठेवून एक तास, फरक नाही. कागद कोरडा. पूर्ण फ्लशनंतर टाकी भरायला लागणारा वेळ आधीपेक्षा कमी झाला आहे. तो जाळी साफ झाल्याचा परिणाम. फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी रेघेच्या आणखी 10 मिलिमीटर खाली आणली. आमच्या मापाने यात अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी प्रत्येक पूर्ण फ्लशमागे वाचते आणि कमोड पूर्वीसारखाच स्वच्छ होतो. पातळी याहून खाली नेली तेव्हा दोनदा फ्लश करावा लागला, म्हणजे बचतीऐवजी तोटाच.

टाकीत टाकायच्या निळ्या वड्या यापुढे वापरायच्या नाहीत. त्यांपैकी काहींत क्लोरिन असते आणि त्याने रबर ठिसूळ होते, शिवाय पाणी कायम रंगीत राहिल्याने रंगाची चाचणी करता येत नाही.

9 मार्च, रविवार

यात्रेतल्या गर्दीनंतरही खालच्या टाकीची पातळी स्थिर आहे. गच्चीवरची टाकी पूर्ववत दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पुरते. फक्त मोटार लावण्याची वेळ बदलली आहे : आता टाकी अर्धी झाली की लावायची, असे मुलाला सांगून ठेवले आहे, आणि पातळी कळावी म्हणून त्याने टाकीच्या बाहेरच्या बाजूला रंगाची खूण केली आहे.

तोच प्रयोग आज वरच्या मजल्यावरच्या संडासावर केला. तिथली टाकी प्लास्टिकची, भिंतीवर बसवलेली, दांडी-गोळ्याच्या बॉलकॉकची आहे. कॉक उघडा ठेवून पातळी चढली नाही, म्हणजे बॉलकॉक ठीक आहे. कॉक बंद ठेवून मात्र तासाभरात 5 मिलिमीटर उतरली. या टाकीचा आकार वेगळा असल्याने खालचे 18 मिलिमीटरचे माप इथे लागू पडत नाही. एक लिटर ओतून नवे माप काढायचे आहे. राखीव घेतलेली रिंग या टाकीच्या बैठकीला बसत नाही, त्यामुळे पुढच्या शनिवारी संच उघडून इथली जुनी रिंग काढायची आणि तीच घेऊन गंजगोलाईला जायचे.